नव्या लॅपटॉपमधून चट्-चट्, तडतड, खरखर ऐकू येते तेव्हा : आवाजाचा माग काढण्याची पद्धत

मागच्या डिसेंबरात माझ्या भाचीने अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी नवा लॅपटॉप घेतला आणि चौथ्याच दिवशी रात्री साडेअकराला तिचा फोन आला. "मावशी, मी तो बंद केलाय, तरी आतून चट् चट् आवाज येतोय. काही फुटतंय का गं?" पुण्यात कर्वेनगरातल्या तिच्या खोलीत लॅपटॉप शहाबादी फरशीवर ठेवलेला होता, खिडकी उघडी होती आणि त्याआधी सलग तीन तास त्यावर काम चालले होते. मी तिला फोन लॅपटॉपजवळ ठेवायला सांगितला आणि ऐकत राहिले. आधी अर्ध्या-पाऊण मिनिटाने एक कोरडा चट् होत होता, पुढे दोन आवाजांमधले अंतर वाढत गेले आणि वीसेक मिनिटांनी सारे शांत झाले. तापलेले धातूचे कवच गार फरशीवर आकसत होते, एवढेच कारण होते. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या नव्या लॅपटॉपमधून तडतड येऊ लागली. त्यांनीही "फुटल्यासारखा आवाज" असेच वर्णन केले होते, पण तिथे दोष ध्वनीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ध्वनीची चिप चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये निघाला.

तक्रारीचे शब्द सारखे असूनही कारणे इतकी वेगळी निघतात, म्हणून माझे नवख्यांना आग्रहाचे सांगणे आहे की कोणतीही सेटिंग बदलण्याआधी, कोणताही प्रोग्राम पुसण्याआधी आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याच्या तर कितीतरी आधी, आवाज नेमका कुठून निघतो हे ठरवावे. तो स्पीकरमधून येत असेल तर उपाय बहुधा सॉफ्टवेअरमध्ये सापडतो, कवचातून किंवा पंख्यातून येत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये कितीही खटपट केली तरी वेळ वाया जातो, आणि चार्जरमधून येत असेल तर लॅपटॉपला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

आधी धोका नाही ना, ते पाहावे

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबावे. तो डुगडुगत असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल, झाकण पूर्वीसारखे मिटत नसेल किंवा तळ मधोमध फुगलेला वाटत असेल, तर आतली लिथियम बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. गोडसर, रंगाच्या थिनरसारखा वास येणे, सूं असा सुटणाऱ्या वायूचा आवाज होणे किंवा एकाच जागी हात ठेववणार नाही इतकी उष्णता जाणवणे, ही त्याहून गंभीर चिन्हे आहेत. अशा वेळी चार्जर भिंतीवरच्या बटणापासून बंद करावा, यंत्र गादी, पडदे आणि कागदांपासून दूर फरशीवर ठेवावे आणि पुन्हा चार्ज करू नये. फुगलेली बॅटरी दाबून बसवण्याचा किंवा टोचून पाहण्याचा प्रयत्न चुकूनही करू नये. धूर दिसू लागला तर लॅपटॉप उचलण्याच्या भानगडीत न पडता सर्वांनी खोलीबाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला 101 वर कळवावे.

सॉकेटमधून चरचर येत असेल किंवा प्लग हाताला गरम लागत असेल, तर तो सॉकेट वापरणे त्याच क्षणी थांबवावे. मात्र प्लग घालताना एकदाच होणारी बारीक टिक याहून वेगळी असते. चार्जरमधले रिकामे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) त्या क्षणी विद्युतभार ओढून घेतात आणि पिनांवर बारीक ठिणगी पडते म्हणून ती होते आणि तिच्यात घाबरण्यासारखे काही नसते. भिंतीवरचे बटण बंद ठेवून प्लग घातला आणि मग बटण लावले, तर प्लगच्या पिनांवर ती ठिणगी पडत नाही.

बिल आणि तारखा

हे काम दोन मिनिटांचे आहे, पण ते पहिल्याच दिवशी करावे. खरेदीचे बिल, खोक्यावरचा सिरीयल नंबर आणि परत करण्याची शेवटची तारीख यांचे फोटो फोनमध्ये ठेवावेत. दुकानाची किंवा ऑनलाइन विक्रेत्याची बदलून देण्याची मुदत पुष्कळदा जेमतेम काही दिवसांचीच असते, आणि नेमके तेच दिवस माणसे "आपोआप बंद होईल" असे म्हणत घालवतात. आवाज शोधण्याचे सगळे काम ती मुदत संपण्याच्या आत पुरे करावे.

आवाज कुठून येतो

खोलीतला पंखा, फ्रिज आणि टीव्ही बंद करून रात्रीच्या शांततेत बसावे. लॅपटॉपचा आवाज पूर्णपणे बंद म्हणजे म्यूट करावा. तरीही तडतड ऐकू येत असेल तर तिचा उगम बहुधा स्पीकरमध्ये नाही. मग चार्जर काढून फक्त बॅटरीवर पाच मिनिटे ऐकावे. त्यानंतर यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा ऐकावे. येथे झाकण मिटणे पुरेसे नाही, कारण झाकण मिटल्यावर लॅपटॉप बहुधा झोपेच्या अवस्थेत जातो आणि काही मॉडेलमध्ये पंखाही अधूनमधून फिरत राहतो. शेवटी म्यूट काढावे, तारेचा हेडफोन जोडावा आणि तोच आवाज कानात येतो का ते पाहावे.

दिशा ठरवायला वर्तमानपत्राच्या दोन पानांची घट्ट सुरळी पुरते. सुरळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे टोक कीबोर्डवर, बिजागरीजवळ, तळाच्या जाळीशी आणि चार्जरच्या डब्याजवळ असे क्रमाने धरत गेले की ज्या जागी आवाज एकाएकी स्पष्ट होतो तीच त्याची जागा. मी ही युक्ती वर्षानुवर्षे वापरते आणि आजवर तिने क्वचितच फसवले आहे.

ऐकलेले लगेच वहीत लिहावे. आवाजाच्या बाबतीत आपली भाषा फार कामाची आहे, म्हणून "विचित्र आवाज येतो" एवढ्यावर न थांबता नेमका शब्द निवडावा. चट् हा एकेकटा आणि कोरडा असतो, टिक-टिक ठरावीक तालात होते, तडतड अनियमित असते, खरखर लांबते, घूं खालच्या पट्टीत अखंड चालू राहते, कुईं बारीक आणि उंच असते, तर घरघर पंख्याच्या वेगाबरोबर वाढते-कमी होते. शब्दापुढे वेळ, चार्जर जोडलेला होता की नव्हता आणि त्या वेळी काय चालू होते, हे तीन तपशील लिहावेत.

आवाज अंगातून येत असेल तर

सर्वांत निरुपद्रवी कारण भाचीच्या बाबतीत दिसले तेच. ॲल्युमिनियमची लांबी दर मीटरमागे आणि दर अंश सेल्सिअसमागे सुमारे 23 मायक्रोमीटरने बदलते. 35 सेंटिमीटर रुंद कवच 45 अंशांवरून 20 अंशांवर आले तर ते साधारण 0.2 मिलिमीटरने आकसते. प्लॅस्टिक त्याहून बरेच अधिक, सुमारे तिप्पट आकसते. धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना खाचांनी आणि स्क्रूंनी जखडलेले असतात, त्यामुळे ताण साठत जातो आणि एखादी खाच जागेवरून किंचित सरकली की चट् होते. पुण्यात हिवाळ्यात दुपारी 28–30 अंश आणि पहाटे 10–12 अंश असा फरक सहज पडतो, म्हणून ही तक्रार डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे जास्त येते. आवाज फक्त यंत्र तापताना आणि निवताना येत असेल, हळूहळू विरळ होत असेल आणि कवचात कुठे फट पडलेली नसेल, तर काहीही करू नये. मात्र यंत्र तळहातावर धरून किंचित पिळल्यासारखे केल्यावर दर वेळी करकर होत असेल, किंवा झाकण उघडताना बिजागरीतून आवाज येत असेल, तर स्क्रू सैल असण्याची शक्यता आहे, आणि नव्या यंत्रात तो दोष सर्व्हिस सेंटरनेच दुरुस्त केला पाहिजे.

पंख्याची घरघर ओळखणे सोपे असते. एखादा मोठा व्हिडिओ किंवा खेळ चालू करावा, पंखा वेग घेईल. वेगाबरोबर आवाज चढत असेल तर आत एखादी वायर पात्याला घासते आहे किंवा काही अडकले आहे असे समजावे. तळाच्या जाळीवर कारखान्यातली पारदर्शक फिल्म राहून गेली नाही ना, हे आधी बघावे. मी अशी फिल्म दोनदा स्वतःच्या हाताने काढली आहे. जाळीतून टाचणी किंवा काडी घालून पाते थांबवण्याचा प्रयत्न करू नये.

कुईं हा आवाज वीजपुरवठा सांभाळणाऱ्या छोट्या कॉइलमधून येतो. कॉइलमधला प्रवाह वेगाने बदलत असतो आणि त्या बदलाबरोबर कॉइल व तिचा गाभा सूक्ष्मपणे कंप पावतात. लांबलचक वेबपान भराभर वरखाली सरकवताना आवाजाची पट्टी बदलली तर तो कॉइलचाच आहे असे समजायला हरकत नाही. त्याने यंत्र बिघडत नाही, परंतु शांत खोलीत अभ्यास करणाऱ्याला तो छळतो, आणि बदलून घेण्याची मुदत शिल्लक असेल तर ती वापरण्यात संकोच करू नये.

टिक-टिक मात्र वेगळ्या जातीची असते. आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क असते आणि तिच्यात फिरणारा एकही भाग नसतो. पण यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल आणि तालबद्ध टिक-टिक होत असताना फाइल उघडायला वेळ लागत असेल, तर पुढचे सारे वाचन बाजूला ठेवून आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

आवाज स्पीकरमधून येत असेल तर

इथे थोडे खोलात जाणे भाग आहे, कारण नव्या लॅपटॉपच्या बहुतेक तक्रारी याच घरातल्या असतात. संगणक गाणे सलग वाजवत नाही. तो ध्वनीचे छोटे छोटे घास करून स्पीकरकडे जाणाऱ्या चिपला भरवत असतो. सेकंदाला 48,000 नमुने, म्हणजे ध्वनीच्या लहरीची मोजमापे, असतील आणि एका घासात 480 नमुने असतील, तर एक घास 10 मिलिसेकंद पुरतो. तेवढ्या अवधीत पुढचा घास तयार झाला नाही, तर ध्वनीची लहर मध्येच तुटते आणि त्या तुटलेल्या कडेचा आवाज आपल्याला तड् असा ऐकू येतो. प्रोसेसर कितीही दमदार असला तरी वायफायचा, ग्राफिक्सचा किंवा बॅटरी-व्यवस्थापनाचा एखादा ड्रायव्हर त्याला काही मिलिसेकंद अडवून ठेवू शकतो. म्हणूनच महागड्या नव्या यंत्रातही तडतड होते आणि ग्राहकाला ते पटत नाही.

तेव्हा पहिली चाचणी अशी करावी. जिच्यात डग्गा स्पष्ट वाजतो अशी तबल्याची एक ध्वनिफीत लॅपटॉपवर उतरवून घ्यावी आणि तिचे तेच एक मिनिट तीन वेळा वाजवावे. तड् दर वेळी वेगवेगळ्या जागी आला तर घास चुकतो आहे, म्हणजे कारण ड्रायव्हरमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. तो दर वेळी डग्ग्याच्या त्याच घुमाऱ्यावर आला आणि हेडफोनमध्ये मात्र नाहीसा झाला, तर स्पीकरचा पडदा फाटला आहे किंवा त्याच्या शेजारचा एखादा भाग थरथरतो आहे. दर वेळी त्याच जागी आणि हेडफोनमध्येही आला, तर आवाज अर्ध्यावर आणून पाहावा. त्याने तो गेला तर ध्वनी मर्यादेपलीकडे फुगवला जात आहे, आणि तरीही राहिला तर ती ध्वनिफीतच सदोष आहे. या एका चाचणीने मी जितकी प्रकरणे निकालात काढली तितकी दुसऱ्या कशानेही काढली नाहीत.

ड्रायव्हरचा संशय आला की बदल एकावेळी एकच करावा आणि प्रत्येक बदलानंतर तीच ध्वनिफीत वाजवावी. आधी विमान मोड चालू करून वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद करावेत. तडतड गेली तर वायफायचा किंवा ब्लूटूथचा ड्रायव्हर दोषी धरावा. मग चार्जर जोडून वीजबचतीचा मोड काढावा. विंडोज 11 मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'साउंड' असे जाऊन आपला स्पीकर निवडावा आणि 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करावे. उत्पादकाने आवाज भरदार भासावा म्हणून घातलेले हे संस्कार कित्येकदा तडतडीचे मूळ असतात, आणि ध्वनी मर्यादेपलीकडे फुगवणारेही बहुधा तेच असतात. त्याच पानावर 'फॉरमॅट' असते. तिथे 24 बिट, 48,000 हर्ट्झ ठेवावे, कारण विनाकारण 1,92,000 हर्ट्झ निवडल्याने कानाला फरक पडत नाही, पण यंत्राचे काम चौपट होते. मॅक वापरणाऱ्यांना हीच निवड 'ऑडिओ मिडी सेटअप' या प्रोग्राममध्ये सापडेल.

यानंतरच ड्रायव्हर बदलावा. तो लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून, तळावर छापलेला पूर्ण मॉडेल क्रमांक टाकून घ्यावा. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" देणाऱ्या प्रोग्रामच्या वाटेला जाऊ नये. कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवतो हे पाहण्यासाठी विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम आहे. तो दहा मिनिटे चालू ठेवला की सर्वांत जास्त वेळ घेणाऱ्या ड्रायव्हरचे नाव दाखवतो. सोसायटीतल्या काकांच्या लॅपटॉपवर सारा दोष असाच ध्वनीच्या ड्रायव्हरवर आला आणि नवी आवृत्ती टाकल्यावर तबला स्वच्छ वाजू लागला. बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करायचे झाल्यास बॅटरी पूर्ण भरलेली असावी, चार्जर जोडलेला असावा आणि विंडोजची बिटलॉकर रिकव्हरी की (डिस्कवरचे कुलूप उघडणारा लांब क्रमांक) आधी कागदावर उतरवून ठेवलेली असावी, कारण बायोस बदलल्यावर यंत्र कधी कधी ती मागते आणि ती नसेल तर स्वतःचीच माहिती कुलूपबंद होते.

गाणे सुरू होताना एकदाच टप् आणि ते संपल्यावर काही सेकंदांनी पुन्हा टप्, असे होत असेल तर तो बिघाड नाही. वीज वाचवण्यासाठी ध्वनीची चिप झोपते आणि जागी होते, त्याचा तो आवाज आहे. लिनक्समध्ये तिची झोप सेटिंगमधून बंद करता येते, विंडोजमध्ये ते उत्पादकाच्या ड्रायव्हरवर अवलंबून असते.

ब्लूटूथ हेडफोनची तुटक खरखर हे वेगळेच प्रकरण आहे. ब्लूटूथ आणि वायफायचा जुना पट्टा दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि आपल्याकडच्या एकेका इमारतीत पंधरा-वीस राउटर असतात. यूएसबी 3.0 वर चालणारी बाहेरची हार्ड डिस्कही त्याच पट्ट्यात गोंगाट करते. वायफाय 5 गिगाहर्ट्झवर न्यावे आणि ती डिस्क लांब वायरने दूर ठेवावी. बहुतेकदा एवढ्याने भागते. ऑनलाइन बैठकीत माइक चालू होताच गाणे डबक्यातून आल्यासारखे वाजत असेल, तर हेडफोन संभाषणाच्या मोडमध्ये गेला आहे, बिघडलेला नाही.

वीज आणि अर्थिंग

चार्जर काढताच आवाज थांबत असेल तर लॅपटॉपला दोष देण्याआधी घरातली वीज तपासावी. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ पुरवठा असतो आणि सदोष अर्थिंगमुळे बाहेरच्या स्पीकरमध्ये येणारी घूं ही 50 किंवा 100 हर्ट्झची असते. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि पेइंग गेस्ट म्हणून दिलेल्या कित्येक खोल्यांत तीन छिद्रांचा सॉकेट दिसतो, पण अर्थिंगची वायर मागे जोडलेलीच नसते. धातूच्या कवचावरून बोट फिरवताना मुंग्या आल्यासारखे वाटणे ही त्याचीच खूण असू शकते. चार्जरमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह जमिनीत जायला वाट न मिळाल्याने कवचावर येतो. दोन पिनांच्या चार्जरवर हे थोडेफार घडतेच. तीन पिनांच्या चार्जरवर घडले तर मात्र परवानाधारक वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे.

मोठी पिन तोडून किंवा स्वस्तातला कन्व्हर्टर लावून तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांत बसवणे पूर्णपणे बंद करावे. पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत आयएसआय चिन्हाचा, अर्थिंग असलेला चांगला एक्स्टेन्शन बोर्ड मिळतो आणि तो घेताना शंभर-दोनशे रुपयांची घासाघीस करण्याची ही जागा नव्हे. पावसाळ्यात वीज गेल्यावरच चार्जर गुरगुरत असेल, तर घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का ते पाहावे. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर तो आवाज होत नाही.

सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी

एवढ्या चाचण्यांनंतरही दोष उरला तर पुरावा घेऊन जावे. फोनवर सलग, न कापलेला व्हिडिओ घ्यावा, त्यात पडद्यावरची तारीख-वेळ दिसावी आणि आवाज किमान तीन वेळा यावा. हे मी अनुभवाने सांगते. माझा स्वतःचा लॅपटॉप एका सर्व्हिस सेंटरने दोनदा "दोष आढळला नाही" असा शेरा मारून परत केला, कारण त्यांच्या गजबजलेल्या हॉलमध्ये ती खरखर ऐकूच येत नव्हती. तिसऱ्या खेपेला मी व्हिडिओ, तारखांची वही आणि तबल्याची ती ध्वनिफीत घेऊन गेले, काउंटरवरच्या मुलाच्या कानाला हेडफोन लावून दिले आणि स्पीकरशी तुलना करायला सांगितले. त्याने मान हलवली आणि जॉब शीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, "डाव्या स्पीकरमध्ये कंपन" असे स्वतः लिहिले.

यंत्र देताना आपला पासवर्ड देऊ नये, त्यांच्यासाठी वेगळे रिकामे खाते उघडून द्यावे. फाइलची प्रत आधी काढून ठेवावी. तक्रार आपल्या शब्दांत जॉब शीटवर लिहून घ्यावी आणि प्रत्येक खेपेची प्रत जपावी. विक्रेता आणि उत्पादक दोघेही दाद देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ती ऑनलाइनही दाखल होते, आणि मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तिथे जॉब शीटच्या याच प्रती उपयोगी पडतात.

दुरुस्त झालेले यंत्र हातात घेताना सही करण्याची घाई करू नये. काउंटरवरच ते चालू करावे, आवाज पूर्ण चढवावा, तबल्याचे तेच एक मिनिट वाजवावे आणि डग्ग्याचा घुमारा दोन्ही बाजूंनी स्वच्छ आला की मगच पावतीवर सही करावी.